सिकलसेलच्या वेदना आणि रुग्णाचा नित्यक्रम

वेदना ही शरीराची राखणदार आहे, असे वैद्यकाच्या विद्यार्थ्यास आरंभीच शिकविले जाते. पायात काटा रुतला, हाताला चटका बसला, हे तिच्यामुळेच कळते. मात्र तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या, अथवा बरी झाली असे वाटत असतानाच पुनःपुन्हा परतणाऱ्या वेदनेस हे वर्णन लागू पडत नाही. अशा जुनाट वेदनांपैकी कंबरदुखी, गुडघेदुखी व संधिवात यांविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो त्या मानाने उपेक्षित राहिलेला, परंतु माहीम-केळव्याच्या वाड्यांपासून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपाड्यांपर्यंत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आणि त्याची वेदना सोबतीला घेऊन जगण्याची रीत.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी या आदिवासी जमातींची येथे मोठी वस्ती आहे. माहीम परिसरातील पानवेलीच्या बागा, नारळी-पोफळीच्या वाड्या, भातशेती, सातपाटीच्या बोटी आणि बोईसर-तारापूरचे कारखाने या सर्वांचे काम ज्या हातांवर चालते, त्यांपैकी बरेच हात याच पाड्यांतून येतात. म्हणून हा आजार दूरच्या कोणाचा आहे, असे आपणांपैकी कोणी समजू नये.

रक्तात नेमके काय घडते

रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. त्याच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असावयास हवे, तेथे सिकलसेलच्या रुग्णात व्हॅलिन असते. फरक एवढाच. परंतु त्यामुळे प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून लांब दोऱ्यांसारखे होते, आणि गोल, मऊ, वाकणारी पेशी ताठ होऊन विळ्याचा आकार घेते. इंग्रजीत विळ्यास ‘सिकल’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी दहा ते वीस दिवसांतच फुटते. त्यामुळे रुग्ण पांढुरका दिसतो, लवकर थकतो व त्याचे डोळे अधूनमधून पिवळे होतात. वेदनेचे मुख्य कारण मात्र दुसरे आहे. या ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या हाडामांसास रक्त मिळेनासे होते आणि तो भाग प्राणवायूवाचून अक्षरशः आक्रोश करू लागतो. यालाच वेदनेचा झटका म्हणतात.

शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष असल्याचे १९५२ मध्ये नोंदविले गेले. रोग अर्थातच त्यापूर्वीही होता. घाना देशातील डॉ. फेलिक्स कोनोटे-आहुलू यांनी तर स्वतःच्या घराण्यातील या दुखण्याचा माग सतराव्या शतकापर्यंत काढला. तेथील भाषांत या आजाराची नावे एकच अक्षर पुनःपुन्हा उच्चारून बनलेली आहेत. जणू कण्हण्याचाच ध्वनी शब्दात उतरला आहे.

आई व वडील या दोघांकडून सदोष जनुक आला तरच मूल पीडित होते. एकाकडूनच आला तर ते वाहक ठरते. वाहकास सामान्यतः काही त्रास नसतो, त्याला औषधाचीही गरज नाही. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भधारणेत मूल पीडित होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन व पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक असते. “पहिले आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली निघतील” असा हिशेब काही कुटुंबे मांडतात. तो सर्वस्वी चुकीचा आहे. दर खेपेस फासे नव्याने पडतात. तसेच दोष दोघांकडून येत असल्यामुळे सुनेला बोल लावणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय अन्यायही आहे.

न दिसणारे दुखणे

या रुग्णाचा सर्वांत मोठा शत्रू कोणता, असे विचारल्यास प्रस्तुत लेखक अविश्वास असे उत्तर देईल. हाड मोडले तर क्ष-किरणात दिसते, ताप आला तर पारा चढतो. सिकलसेलचा झटका आलेल्या माणसाच्या अंगावर मात्र बहुधा सूज नसते, जखम नसते, आणि वेदना किती आहे हे सांगणारी रक्ताची चाचणी आजही अस्तित्वात नाही. सकाळी आवणीच्या चिखलात उभा असलेला तरुण दुपारी बांधावर आडवा होतो आणि चार दिवसांनी पुन्हा कामावर येतो. मुकादमाच्या दृष्टीने तो कामचुकार ठरतो. शाळेत तो बुट्टी मारणारा, सासरी ती नाटकी. या प्रदेशात आदिवासी मजुराला आळशी ठरविण्याची सवय जुनी आहे. वेठबिगारीच्या काळात आजाऱ्यालाही कामावर ओढून नेले जाई आणि त्याविरुद्ध १९४५ मध्ये वारली उठले, हे गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथाच्या वाचकांना ठाऊक आहे. वेठ गेली, परंतु “याला काही झालेले नाही” हे वाक्य अजून गेलेले नाही. ते रुग्णालयांतही ऐकू येते, हे येथे नमूद केले पाहिजे.

वर्षानुवर्षे वेदना सोसलेला माणूस रडत नाही. तो गप्प बसतो, भिंतीकडे तोंड करून पडतो, कधी मोबाइलवर गाणी लावून मन दुसरीकडे वळवितो. त्यामुळे पाहणाऱ्यास दुखणे किरकोळ वाटते. म्हणून वेदना किती हे रुग्णालाच विचारावे व तो सांगेल ते प्रमाण मानावे. शून्य ते दहा ही शास्त्रीय मोजपट्टी सर्वांना उमगतेच असे नाही. वडीलधाऱ्या माणसांना “चार आणे दुखते, आठ आणे, बारा आणे की पुरता रुपया?” असे विचारले तर उत्तर चटकन मिळते. दुखण्याची जात सांगण्यासही मराठी मोठी समर्थ आहे. ठणका, कळ, चमक, सणक, ठसठस, कसकस, आग या प्रत्येकाचा अर्थ निराळा. हाडातील झटका बहुधा ठणकतो. मांडीच्या सांध्याचे झिजलेले हाड पाऊल टाकताना कळ देते. नस दुखावली असेल तर चमक निघते किंवा मुंग्या येतात. नातेवाइकांनी डॉक्टरांना नुसते “दुखते” असे न सांगता रुग्णाचाच शब्द सांगावा.

पाणी, ऊब आणि बेताचे श्रम

झटका पूर्णपणे टाळणे कोणाच्या हाती नाही. काही वेळा कोणतेही कारण नसताना तो येतो, म्हणून “तूच काहीतरी केले असशील” असे रुग्णास कधीही म्हणू नये. तरीही झटक्याला निमंत्रण देणाऱ्या काही गोष्टी निश्चित ठाऊक आहेत. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी, ताप वा जंतुसंसर्ग, अतिश्रम, मद्य आणि मनावरील ताण या त्या होत.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. या आजारात मूत्रपिंडाची लघवी दाट करून पाणी राखण्याची शक्ती लहानपणीच घटते. इतरांचे शरीर तहानेच्या वेळी पाणी धरून ठेवते. या रुग्णाचे शरीर ते सोडीत राहते. लहान मुले अंथरूण ओले करतात, मोठी माणसे रात्री दोन-तीनदा उठतात. त्याबद्दल मुलास रागावणे, किंवा रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी तोडणे, या दोन्ही गोष्टी घातक होत. हृदय वा मूत्रपिंडाच्या कारणास्तव डॉक्टरांनी बंधन घातले नसेल तर प्रौढ रुग्णाने दिवसाकाठी सुमारे तीन लिटर पाणी प्यावे, उन्हाळ्यात त्याहून अधिक. तहान लागण्याची वाट पाहू नये. सकाळीच एक कळशी वेगळी भरून ठेवावी व ती निजण्यापूर्वी रिकामी व्हावी, हा हिशेब लिहिता-वाचता न येणाऱ्यासही जमतो. पेज, ताक, शहाळे, नीरा हे सर्व चालते. ताडी व दारू मात्र शरीरातील पाणी आणखी ओढून घेतात. श्रावणातले निर्जळी उपवासही या रुग्णाने करू नयेत. घरातील देवभोळ्या वडीलधाऱ्यांनी स्वतः तशी मुभा दिली तर रुग्णाच्या मनावरचे ओझे उतरते.

थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. आपल्याकडे कडाक्याची थंडी नसली तरी आवणीच्या दिवसांत तासन् तास भिजलेल्या कपड्यांवर वारा लागतो, तो पुरेसा होतो. शक्य असेल तर या रुग्णाने चिखलात वाकून लावणी करण्याऐवजी रोपांच्या मुठी बांधणे पत्करावे. ते शक्य नसेल तर अंगावर इरले किंवा प्लॅस्टिक असावे आणि बांधावर कोरड्या कपड्यांची पिशवी ठेवून काम संपताच कपडे बदलावेत. बंदरावर मासळी निवडताना बर्फात हात घालण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे. थंड पाण्यात पोहणे टाळावे, अंघोळ कोमट पाण्याने करावी. वीटभट्टीवर व कारखान्यांतील भट्टीपाशी संकट उलट बाजूने येते, कारण तेथे घामावाटे पाणी जाते.

श्रम अजिबात करू नयेत, असा सल्ला पूर्वी सरसकट दिला जाई. तो आता मागे पडला आहे, आणि मजुरी करून पोट भरणाऱ्यास तो कधीच परवडत नव्हता. खरी गोष्ट अशी की, बरे वाटणाऱ्या दिवशी राहिलेले सारे काम एका दमात उरकण्याचा मोह होतो, अंग दुसऱ्या दिवशी त्याची वसुली करते, आणि मग तीन दिवस अंथरूण सुटत नाही. यास्तव कामाचे तुकडे पाडावेत. अर्धा-पाऊण तास काम, मग दहा मिनिटे सावलीत बैठक व पाणी. हा विसावा दुखू लागल्यावर घ्यावयाचा नसून दुखू लागण्यापूर्वी घ्यावयाचा असतो. पानवेलीच्या बागेतही पाने खुडण्याचे उभ्याचे काम आणि पानांच्या कवळ्या लावण्याचे बसून करावयाचे काम आलटून पालटून केल्यास दिवस निभावतो. मालकाने एवढी सवलत दिली तर त्याचेही नुकसान होत नाही. महिन्यातून आठ दिवस गैरहजर राहणाऱ्या मजुरापेक्षा बेताने रोज येणारा मजूर केव्हाही बरा.

घरोघरी भिंतीवर कालनिर्णय असतेच. त्यावरील तारखेच्या चौकटीत दुखण्याच्या दिवशी पेन्सिलीने खूण करावी, जास्त दुखल्यास दोन खुणा. शेजारी कारण सुचल्यास ‘ताप’, ‘भिजणे’, ‘पाळी’, ‘प्रवास’ असा एखादाच शब्द लिहावा. तीन महिन्यांची पाने एकत्र पाहिली की रुग्णाला स्वतःच्या दुखण्याची चाल दिसू लागते, व डॉक्टरांना औषधाचा गुण मोजता येतो.

झटका आल्यावर

प्रथम पाणी, विश्रांती व ऊब. तव्यावर तापविलेल्या मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी करून दिलेला आजीबाईंचा शेक येथे खरोखर उपयोगी पडतो. कातडी भाजणार नाही एवढी काळजी घ्यावी. मुका मार लागल्यावर बर्फ लावतात तसा तो येथे लावू नये. हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नाही. काही ठिकाणी दुखऱ्या जागी डाग देण्याची प्रथा आहे. तिने मूळ वेदना जात नाही, वर भाजल्याची जखम मात्र चिघळते. भगताकडे जाण्याबद्दल कोणाशी वाद घालण्याचे कारण नाही; त्याच्या बोलण्याने धीर येत असेल तर येवो, परंतु डाग नको आणि रुग्णालयात जाण्यास विलंब नको.

सौम्य दुखण्यास पॅरासिटामॉल, ते पुरले नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेली दुसरी गोळी, अशी पायरी ठरलेली असावी व गोळ्या घरात असाव्यात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊन महिनोन् महिने खाल्ल्यास मूत्रपिंड व जठर यांना इजा होते, आणि या रुग्णाचे मूत्रपिंड आधीच अशक्त असते. तीव्र झटक्यात मॉर्फिनसारखे औषध लागते. त्याच्या सवयीची भीती नातेवाइकांना वाटते, तशी काही डॉक्टरांनाही वाटते. त्याचा साठा ठेवण्याच्या परवान्याची किचकट पद्धत २०१४ च्या कायदादुरुस्तीने सुलभ झाली. रुग्णालयात देखरेखीखाली योग्य मात्रेत दिल्यास हे औषध सुरक्षित आहे. रुग्ण दारात आल्यापासून पहिल्या तासाच्या आत वेदनाशामक औषध मिळावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. देणगीदारांनी कोणत्याही रुग्णालयास विचारण्याजोगा प्रश्न हाच: आपल्याकडे हा तास पाळला जातो काय? त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. रात्रपाळीस एक प्रशिक्षित परिचारिका व औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्या हाती असावी लागते.

पुढील लक्षणे दिसल्यास घरी थांबू नये: १०१ अंशांपेक्षा अधिक ताप, छातीत दुखणे वा धाप, एकाएकी बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे किंवा एक हात-पाय लुळा पडणे, दृष्टी अंधुक होणे, पुरुषांमध्ये लिंगाचा ताठरपणा तासन् तास न उतरणे. लहान मुलाची प्लीहा अकस्मात वाढून तीत रक्त साचू शकते. डाव्या बरगडीखाली हात ठेवून प्लीहा चाचपण्यास आईने परिचारिकेकडून शिकून घ्यावे. पोट फुगले व मूल पांढरे पडले तर तो क्षण गमावू नये. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या बाळाचे पंजे आणि पाऊल सुजून ते रडत असेल, तर बाहेरबाधेचा विचार सोडून रक्त तपासावे. कित्येकदा आजाराची ती पहिली खूण असते.

झटके नसतानाचे दुखणे

काही रुग्णांच्या मांडीच्या हाडाच्या गोलाकार टोकास रक्त न मिळाल्याने ते हळूहळू मरते. जांघेत सतत दुखते, पाय लंगडतो. अशा वेळी उकिडवे बसणे बंद करावे. शौचास कमोड किंवा मध्ये भोक पाडलेली खुर्ची, चूल ओट्यावर, खाटेच्या पायांखाली विटा, असे साधे बदल मोठा आराम देतात. काठी दुखऱ्या बाजूच्या नव्हे, विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. ही चूक फार आढळते. पडल्या पडल्या करावयाचे मांडीचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करावेत. शिवाय वर्षानुवर्षे वेदनेचे संदेश वाहून मज्जासंस्थाच हळवी होते व थोड्या कारणाने जास्त दुखू लागते. ही वेदना खोटी नव्हे. झोप, श्वासाचे व्यायाम, माणसांत मिसळणे आणि काही वेळा नैराश्यावरील औषध यांचा तिला उपयोग होतो.

रोजच्या औषधांत फॉलिक आम्ल व हायड्रॉक्सीयुरिया ही मुख्य होत. गर्भावस्थेतील एक वेगळे हिमोग्लोबिन पेशींना ताठ होऊ देत नाही; हायड्रॉक्सीयुरियाने त्याचे प्रमाण वाढते. अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर झालेल्या व १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या औषधाने वर्षातील झटक्यांचे प्रमाण सुमारे साडेचारावरून अडीचावर आले. त्याचा गुण दिसण्यास काही महिने लागतात. “गोळी खाऊनही दुखलेच” म्हणून दुसऱ्या महिन्यात औषध सोडणारे रुग्ण पुष्कळ, आणि तेथेच खरी हानी होते. ठराविक काळाने रक्त तपासावे लागते. मूल हवे असल्यास स्त्रीने व पुरुषानेही आधी डॉक्टरांशी बोलावे. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीवाचून घेऊ नयेत. या आजारातील रक्तक्षय पेशी फुटल्यामुळे असतो, लोहाच्या अभावामुळे असेलच असे नाही. रक्त वारंवार चढविलेल्यांच्या शरीरात तर लोह साचत जाते.

मज्जारोपणाने काही रुग्ण पूर्ण बरे झाले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचारास जगात प्रथम मान्यता दिली. त्याचा खर्च पाहता आपल्या पाड्यांतील रुग्णास आज तरी कळशी, कालनिर्णय आणि गोळी यांचाच आधार आहे.

शाळा, प्रवास, विवाह

शिक्षकांनी एवढे करावे: वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्यावी, लघुशंकेस विचारले की सोडावे, दमल्यावर मैदानात बसू द्यावे आणि पावसाळी सहलीस उबदार कपडा आहे की नाही ते पाहावे. आश्रमशाळेत मुलाचे औषध कोणाच्या हाती आहे, हे पालकांनी नाव विचारून घ्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. परीक्षा, प्रवास व नोकरी यांतील सवलती त्यावर अवलंबून असतात.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. तपासणी बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाने होते. दोष आढळल्यास प्रयोगशाळेत पक्की खात्री करतात. अहवाल मिळाल्यावर तो पत्र्याच्या पेटीत तळाशी न टाकता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डासोबत ठेवावा, व स्थळ पाहावयास जाताना दोन्ही बाजूंनी तो काढून दाखवावा. दोघेही वाहक निघाले तर विवाह मोडलाच पाहिजे असे नाही. गर्भाची तपासणी आरंभीच्या महिन्यांत करता येते, आणि त्याविषयी बोलण्यासाठी त्या जोडप्याने दिवस राहण्याची वाट न पाहता आधीच रुग्णालयात यावे.